माणसांवरचा विश्वास उडत चालला असेल तर: एका अव्वल कारकुनांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: तहसील कार्यालयात अव्वल कारकून असलेले, पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ लिहितात की नोकरीत इतकी खोटी कागदपत्रं आणि इतके भांडणारे भाऊ पाहिले, की आता कोणी हसून बोललं तरी ‘याला काय हवंय’ एवढंच मनात येतं. घरीही तेच. कॉलेजात शिकणारी मुलगी परवा म्हणाली, “बाबा, तुमच्यासमोर कोणाचं कौतुकच करता येत नाही.” त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. हा कडवटपणा आहे की अनुभवातून आलेलं शहाणपण? माणसांतलं चांगलं शोधा असं सगळे सांगतात, पण ते स्वतःची फसवणूक नाही का? आणि लोकांचं तोंड बघायला नको म्हणून अभिलेख कक्षात बदली मागावी का?

तुम्ही जे पाहिलं ते खोटं नाही, हे आधी सांगते. दारात ट्रॅक्टर उभा असलेला माणूस शिष्यवृत्तीच्या दाखल्यासाठी वार्षिक उत्पन्न किती सांगतो, अवकाळी पावसानंतर न पेरलेलं शिवारही बाधित क्षेत्रात कसं येतं, हक्कसोडपत्र घेऊन फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल नोंदवायला, आलेल्या भावांच्या मागे बहीण कशी गप्प उभी असते, हे तुमच्याइतक्या जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल. ‘जग चांगलंच आहे हो, तुम्ही नजर बदला’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. तसं कोणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये.

पण तुमच्याच खात्यातली एक व्यवस्था आठवून बघा. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. गावातला प्रत्येक फेरफार तिथे येतो. ज्यावर हरकत येते तेवढाच नमुना ६-अ मध्ये, विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातो. आता बरंचसं संगणकावर आलं तरी विभागणी तीच. वारसांची नोंद आली, नोटीस निघाली, मुदतीत कोणी हरकत घेतली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली. अशा घरातला एक तरी चेहरा तुम्हाला आठवतो का? तीन भावांनी बहिणीचं नाव आनंदाने सातबाऱ्यावर ठेवलं, विहिरीचं पाणी आपसांत ठरवून घेतलं, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाला एकत्र आले आणि जबाब देऊन निघून गेले. त्यांनी तुमचा वेळ घेतला नाही, आवाज चढवला नाही, वरती अपील केलं नाही. म्हणून ते तुमच्या आठवणीत राहिलेच नाहीत. भांडणारे मात्र वर्षानुवर्षं येत राहिले, तारखा घेत राहिले, प्रांतांकडे गेले, परत आले. तुमच्या डोक्यात आज माणसांची जी नोंदवही आहे ती फक्त सहा-अ आहे. तिच्यातली एकही नोंद खोटी नाही, पण तेवढ्यावरून अख्ख्या गावाचा निकाल लावता येत नाही.

माझ्याकडे समुपदेशनासाठी पोलीस येतात, परिचारिका येतात, वसुली करणारे बँक कर्मचारी येतात. या सगळ्यांच्या वाट्याला माणसाची एकच बाजू येते, आणि ती रोज येते. घसा बसेपर्यंत समजावणाऱ्या परिचारिकेला शिव्या देणारा नातेवाईक लक्षात राहतो. रात्रभर दुसऱ्याच्या पेशंटला पाणी पाजणारा बाजूच्या खाटेवरचा माणूस राहत नाही, कारण त्याच्यामुळे तिचं काम वाढलं नाही, उलट कमी झालं.

तुमच्या कडवटपणाचा एक भाग निव्वळ थकव्याचा असेल, असं मला तुमचं लिहिणं वाचून वाटलं. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये कामाच्या अतिथकव्याचं एक मोजमाप मांडलं, ते आजही जगभर वापरलं जातं. त्यात तीन गोष्टी पाहतात: मन रिकामं होणं, समोरच्याला माणूस न मानता ‘प्रकरण’ मानू लागणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय ही भावनाच संपणं. यातली मधली गोष्ट म्हणजे तुम्ही वर्णन केलेली अवस्था. थकलेलं मन स्वतःला वाचवण्यासाठी माणसांपासून लांब जातं, आणि लांब जायचं तर माणसं वाईट आहेत असं मानणं सोयीचं पडतं. त्यामुळे पहिली पायरी साधी आहे. अर्जित रजा साठली असेल तर सलग आठ-दहा दिवस घ्या, फोन बाजूला ठेवा, झोप पुरी करा. परतल्यावर पहिल्या दोन दिवसांत लोक थोडे कमी वाईट वाटले, तर थकव्याचा वाटा मोठा आहे असं समजा. काहीच फरक पडला नाही, तर विचारांची घडी बसली आहे. तिच्यावर वेगळं काम करावं लागतं.

त्या घडीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

अविश्वास स्वतःला कधीच तपासू देत नाही. तुम्ही एखाद्यावर विश्वास टाकला आणि त्याने दगा दिला, तर ते तुम्हाला कळतं, आणि चांगलंच झोंबतं. पण तुम्ही विश्वास टाकलाच नाही, तर तो माणूस त्याला जागला असता हे तुम्हाला कधीच कळत नाही. तुमच्या हाताखाली नवा महसूल सहायक आलाय असं समजा. ‘हा घोळ घालणार’ म्हणून तुम्ही त्याला महत्त्वाची फाइल देतच नाही, सगळं स्वतः करता. वर्षाअखेर तुमचं मत कायम, आणि तुमचा थकवा दुप्पट. त्याने घोळ घातला असता की नाही, हे कुठेच नोंदलेलं नाही. अशा शेकडो न घडलेल्या गोष्टींवर कडवटपणा उभा असतो आणि तो अनुभवावर उभा आहे असं आपल्याला वाटतं.

डेटलेव्ह फेचेनहाउअर आणि डेव्हिड डनिंग या संशोधकांनी २०१० मध्ये नेमकं हेच तपासलं. त्यांनी लोकांना अनोळखी माणसांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि पैशांच्या एका खेळात यातल्या कोणावर विश्वास ठेवाल ते विचारलं. लोकांनी समोरच्यांना ती होती त्यापेक्षा बरीच कमी विश्वासू ठरवलं. अचूक अंदाजासाठी पैसे देऊ केले तरी अंदाज सुधारले नाहीत. मग एका गटाला सगळ्यांबद्दलचा निकाल सांगितला, ज्यांच्यावर त्यांनी विश्वास ठेवला नव्हता त्यांचाही. त्या गटाचा संशय कमी झाला. ज्यांना फक्त विश्वास ठेवलेल्या माणसांचाच निकाल कळला, ते होते तिथेच राहिले. म्हणजे त्या पहिल्या गटाला कोणी चांगुलपणाचे धडे दिले नव्हते. त्यांच्या हिशेबातून गळलेली माहिती तेवढी त्यांना परत मिळाली होती.

म्हणून ‘चांगलं शोधा’ या सल्ल्याकडे मी असं पाहते: तुमच्याकडचा पुरावा एकतर्फी आहे आणि राहिलेली बाजू जमा करायची आहे. यात स्वतःला फसवण्यासारखं काहीच नाही. पंचनाम्याला जाताना तुम्ही एकाच शेजाऱ्याचा जबाब घेऊन परतता का?

हरवलेल्या पाकिटांचा प्रयोगही इथे सांगायला हवा. त्याचे निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त पाकिटं ‘रस्त्यात सापडली’ म्हणून बँका, टपाल कचेऱ्या, हॉटेलं, पोलीस ठाणी अशा ठिकाणी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याच्या हाती दिली गेली. आपला देशही त्यात होता. काही पाकिटांत पैसे होते, काहींत नव्हते. पैसे असतील तर पाकीट कमी परत येईल असं सामान्य लोकांनाही वाटलं होतं आणि अर्थतज्ज्ञांनाही. झालं उलट. बिनपैशाच्या पाकिटांच्या मालकांना शंभरात साधारण ४० वेळा कळवलं गेलं, पैसे असलेल्यांच्या मालकांना ५१ वेळा. निम्मी पाकिटं तरीही आली नाहीत, हेही मी लपवत नाही. पण ज्यांची परीक्षा झाली ते तुमच्यासारखेच खिडकीमागे बसणारे, दिवसभर लोकांना तोंड देणारे कर्मचारी होते, आणि मोह वाढला तसा त्यांचा प्रामाणिकपणाही वाढला. हा अंदाज जवळपास सगळ्यांचा चुकला होता.

आता तुमचा पहिला प्रश्न, शहाणपणाचा. संशयी माणूस जास्त हुशार असतो असं आपल्याकडे पक्कं मानलं जातं. ओल्गा स्ताव्रोव्हा आणि डॅनिएल एलेब्राख्ट या संशोधकांनी सुमारे तीस देशांतल्या दोन लाखांच्या आसपास लोकांची माहिती तपासली. बुद्धीच्या कसोट्यांत सरसकट संशय घेणारे मागे पडले होते. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग वेगळाच आहे: जाणती माणसं परिस्थितीनुसार विश्वास ठेवतात. जिथे भोवतालचे व्यवहारच भ्रष्ट, तिथे तीही सावध असतात. जिथे कारण नाही, तिथे नसतात. तुमच्यात हे शहाणपण नक्की आहे, नाहीतर इतकी वर्षं त्या खुर्चीत टिकला नसता. अडचण एवढीच झाली आहे की कार्यालयातली सावधगिरी तुम्ही घरी घेऊन येता, लग्नकार्यात घेऊन जाता, मुलीच्या मैत्रिणींनाही लावता.

करायचं काय, ते आता सांगते.

एक साधी वही घ्या, घरची. कार्यालयातली नको. रोज रात्री एकाच माणसाची एकच कृती लिहायची. स्वभाव लिहायचा नाही. ‘अमुक भला माणूस आहे’ हे वाक्य चालणार नाही, कारण तुमचं मन ते लगेच खोडून काढेल. कोणी, काय केलं, आणि त्यात त्याचं काय गेलं, एवढंच. हे शेवटचं महत्त्वाचं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाने मागच्या आजीबाईंना आपली जागा दिली: त्याची अर्ध्या तासाची मजुरी गेली. एकाने दुसऱ्याला अर्ज वाचून दाखवला, भरून दिला, आणि या नादात त्याची एसटी चुकली. वाटपाच्या वेळी धाकटा म्हणाला, विहीर दादाकडे राहू दे, त्याला गुरं आहेत. लिहा.

पहिले काही दिवस वही कोरी राहील. तसं झालं तर घाबरू नका आणि काहीतरी भरायचं म्हणूनही भरू नका. नजरेला सवय नसते. तुम्हाला खोटा दाखला कागदाच्या कडेवरून ओळखता येतो ना? तो पहिल्या दिवशी ओळखता आला नव्हता.

मग मन दुसरी अडचण उभी करेल: ‘त्यातही त्याचा स्वार्थ असेल.’ हे माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, आणि इथेच बहुतेक जण सोडून देतात. माझं उत्तर असं की हेतू तपासायला बसू नका. माणसाचे हेतू नेहमी मिसळलेले असतात, तुमचे असतात, माझे असतात. आजीबाईंना जागा देणाऱ्याला चार लोकांनी बघावं असंही वाटलं असेल. पण आजीबाई उन्हातून सावलीत आल्या, हे घडलं. निर्भेळ हेतूची अट घातली तर जगात कोणीच पास होणार नाही. ती अट आपण वाईट कृतीला मात्र कधी लावत नाही. कोणी खोटं बोललं तर त्याच्या मनात कुठेतरी लाज होती का, मुलीच्या फीची तारीख उलटून चालली होती का, हे आपण विचारतो का?

घरातलं काम वेगळं आहे आणि मला ते जास्त तातडीचं वाटतं. १९८० चा एक जुना अभ्यास आहे, एलिझाबेथ रॉबिन्सन आणि गेल प्राइस यांचा. प्रशिक्षित निरीक्षक जोडप्यांच्या घरी जाऊन बसले आणि कोणी कोणाशी किती वेळा प्रेमाने, आपुलकीने वागलं ते मोजलं. त्याच वेळी जोडप्यांनीही मोजलं. जी जोडपी नाखूश होती, त्यांनी जोडीदाराच्या चांगल्या वागण्यातल्या जवळजवळ निम्म्या गोष्टी टिपल्याच नाहीत. त्या घडल्या होत्या, त्याच खोलीत. समोर बसून दिसल्या नाहीत. दारूच्या व्यसनातून बाहेर येणाऱ्या माणसांच्या कुटुंबांबरोबर काम करताना टिमोथी ओफॅरल या मानसशास्त्रज्ञांनी यावरचा सराव वापरला: रोज जोडीदाराने केलेली एक चांगली गोष्ट पकडायची, लिहायची, आणि नंतर ती त्याला सांगायची. इतका विश्वास तुटलेल्या घरांतही हा सराव करून घेतला जातो, म्हणून तुमच्या घरी तो जमणार नाही असं मला वाटत नाही.

मुलीपुढे ‘मी आता बदलतोय’ अशी घोषणा करू नका. जेवताना वहीतली एक गोष्ट सांगा, नुसती घडली तशी. आणि ती कोणाचं कौतुक करेल तेव्हा एकच प्रश्न विचारा, “काय केलं त्याने?” ती सांगेल. ऐकून घ्या. शेवटी ‘पण’ जोडू नका. तुमच्या अनुभवातून येणारं ते ‘पण’ खरंही असेल. तरी त्या वेळी नको. तिने तुम्हाला सांगणं बंद केलं, तर माणसांबद्दल तुम्हाला खबर देणारं सगळ्यात विश्वासू माणूस गेलं.

यापुढे विश्वासाच्या छोट्या चाचण्या. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तुम्हाला ऐकून माहीत असेल. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ च्या सुमारास, तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साथीने ती खुली वसाहत सुरू केली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे उंच भिंतींशिवाय, बायकामुलांसह, शेती करत राहू लागले. आजही ती वसाहत चालू आहे. लोक ती गोष्ट भाबड्या विश्वासाची म्हणून सांगतात, ते मला पटत नाही. तिथे कोणालाही पाठवत नाहीत. कैदी निवडला जातो, आधीचं वर्तन पाहिलं जातं, हजेरी असते, नियम मोडला तर परत बंद कारागृहात जावं लागतं. विश्वास आहे आणि त्याच्याभोवती अटी आहेत, म्हणून तो इतकी वर्षं टिकला.

तुमच्या चाचण्याही तशाच असू द्या. फसलं तर सोसवेल एवढीच गोष्ट निवडायची. निकाल तुम्हाला स्वतःला दिसला पाहिजे. आणि आधी अंदाज लिहून ठेवायचा. त्या महसूल सहायकाला एक अवघड प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत द्या, मध्ये डोकावू नका, तारीख ठरवून घ्या. वहीत लिहा: ‘मला वाटतं हा चुकणार.’ तारखेला बघा. दहा-बारा अशा चाचण्या झाल्या की अंदाज आणि निकाल शेजारी ठेवून वाचा. काही ठिकाणी तुम्ही बरोबर ठराल. किती ठिकाणी, ते तुमच्याच अक्षरात समोर असेल आणि त्याच्याशी वाद घालणं तुम्हाला अवघड जाईल.

हे सगळं करताना कार्यालयातल्या पडताळणीत तसूभरही सूट देऊ नका. उत्पन्नाचा पुरावा सगळ्यांकडून सारखाच मागा, ओळखीच्याकडूनही. नियम सर्वांना सारखा लावला की प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून हा चोर की साव हे ठरवण्याचं ओझं तुमच्यावर राहत नाही. तुमच्या थकव्याचं ते मोठं कारण आहे असं मला वाटतं: कागदाने करायचं काम तुम्ही मनाने करता आहात.

ज्यांच्या घरात मारहाण आहे, किंवा एखादा माणूस आजही ठरवून फसवतो आहे, त्यांनी त्या माणसात चांगलं शोधत बसू नये. तिथे आधी सुरक्षित होणं, मदत मागणं. तुमच्या पत्रात असं काही दिसलं नाही, पण हे उत्तर इतरही वाचतील. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, माणसांबरोबर स्वतःमध्येही काही चांगलं उरलं नाही असं आठवडेच्या आठवडे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकतं. वहीने ते जाणार नाही. मनोविकारतज्ज्ञांना भेटा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

राहिली बदली. अभिलेख कक्षात शांतता मिळेल, यात शंका नाही. पण तिथे तुमच्यासमोर जुन्या तंट्यांच्या फायली असतील आणि जिवंत माणूस क्वचितच. तुमच्या मताला धक्का देईल असं तिथे काहीच घडणार नाही. म्हणून आत्ता मागू नका. रजा घ्या, तीन महिने वही चालवा, चाचण्या करा. साहेबांना विनंती करून आठवड्यातला एखादा दिवस असा मिळतो का बघा, जिथे लोक भांडायला येत नाहीत: गावातलं दाखले वाटपाचं शिबिर, किंवा शाळेत मुलांची कागदपत्रं पूर्ण करून घेण्याचं काम. तीन महिन्यांनी बदली हवीशी वाटली तर खुशाल घ्या. तेव्हा गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, जुन्या कागदांत रस आहे, अशी कारणं असतील. ती पुरेशी आहेत.